ओ-यू-जी-एच वाले अडगळीतले इंग्रजी शब्द: शोधायचे कसे, वाचायचे कसे, वहीत ठेवायचे कसे

डॅरेन गॉफ आठवत असेल बऱ्याच जणांना, इंग्लंडचा फास्ट बोलर, १९९९ च्या सिडनी टेस्टला हॅटट्रिक घेतलेला. त्याचं आडनाव म्हणजे जी आणि पुढे ओ-यू-जी-एच. आता ब्रायन क्लफ घ्या, नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकून देणारा फुटबॉल मॅनेजर. सी-एल आणि पुढे तेच ओ-यू-जी-एच. आणि हीथ्रो विमानतळाजवळचं ते गाव, जिथे आपले देशी लोक भरपूर राहतात, स्लाउ. एस-एल आणि परत तेच. गॉफ, क्लफ, स्लाउ, अक्षरं तीच चार आणि आवाज तीन.

या चार अक्षरांना लेखभर मी 'ओघ' म्हणणार आहे. दरवेळी ओ-यू-जी-एच वाचायला तुम्हालाही कंटाळा येईल, आणि ओ-जी-एच बघितलं की मराठी डोक्यात तसंही ओघच येतं.

ज्यांना स्क्रॅबल, क्रॉसवर्ड, क्विझ यांचं वेड आहे किंवा नुसतेच जुने विचित्र शब्द जमवायला आवडतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. नेटवर '५० अजब इंग्रजी शब्द' टाइप याद्या पैशाला पासरी मिळतात, पण त्यात शब्द आणि एका ओळीचा अर्थ याच्यापुढे काही नसतं, त्यामुळे वाचून झालं की संध्याकाळपर्यंत सगळं गायब. माझं म्हणणं इतकंच आहे की एकच अक्षरांची माळ पकडा आणि त्या माळेतले शब्द अर्थाने नाही तर आवाजाने आणि मुळाने लावा, मग पाठ करायची वेळच येत नाही. आणि आवाज लिहायला आपल्याकडे देवनागरी आहे, इंग्रजांकडे ती सोय नाही. उदाहरण म्हणून ओघ घेतलाय, रीत कुठल्याही माळेला चालेल. उच्चार सगळे ब्रिटिश धरलेत, अमेरिकन असेल तिथे तसं सांगितलंय.

पायरी १: माळ नीट निवडा

सगळ्याच माळा कामाच्या नसतात. टी-आय-ओ-एन घेतली तर हजारो शब्द येतील आणि सगळे एका छापाचे, लॅटिनमधून आलेले, उच्चार ठरलेला, मजा शून्य. माळ अशी पाहिजे की स्पेलिंग आणि आवाज यांचं जमत नाही, कारण जिथे जमत नाही तिथे हमखास काहीतरी जुनं दडलेलं असतं. तीन ते पाच अक्षरं पुरे. आणि माळेतले निदान दहा-बारा शब्द तुम्हाला आधीच माहीत असावेत म्हणजे अनोळखी शब्दांना टेकायला जागा मिळते. ओघात दो, थ्रू, रफ, टफ, कॉफ, इनफ, थॉट, बॉट हे शाळेपासूनचे आहेत, म्हणजे पाया तयार आहे.

पायरी २: जाळं टाका

सगळ्यात सोपं म्हणजे वनलुक नावाची साइट. सर्च बॉक्समधे आधी तारा, मग तुमची माळ, मग परत तारा टाकायचा. तारा म्हणजे 'इथे काहीही चालेल'. फक्त शेवटी माळ असलेले शब्द हवेत तर मागचा तारा काढा. एकच अक्षर मोकळं सोडायचं असेल तर प्रश्नचिन्ह. म्हणजे एक प्रश्नचिन्ह आणि पुढे ओघ टाकलं की पाच अक्षरी सगळे मिळतात: रफ, टफ, कॉफ, बाउ, डो, आणि त्यांच्यामधेच बसलेले हॉक, लॉख, साउ हे अनोळखी चेहरे.

आयटीवाल्यांसाठी अजून एक. मॅक वापरत असाल तर यूएसआर फोल्डरमधे शेअर, त्यात डिक्ट, आणि त्यात वर्ड्स नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. ती १९३४ च्या वेबस्टर डिक्शनरीच्या दुसऱ्या आवृत्तीवरून काढलेली आहे, म्हणून तिच्यात जुनाट शब्दांचा खच पडलाय जो आजच्या स्पेलचेकमधे सापडणार नाही. टर्मिनल उघडून ग्रेप मारा, झालं.

आता जाळ्यात येईल बरंच काही आणि त्यातलं निम्मं फेकायचंय. प्लाउ, प्लाउड, प्लाउइंग, प्लाउमन ही सगळी एकाच घरातली माणसं, एक ठेवा बाकीची सोडा. थरा, म्हणजे टी-एच-ओ-आर-ओघ, त्यापासून थराफेअर, थराब्रेड वगैरे, तसंच. गावांची आणि माणसांची नावं वेगळ्या पानावर काढून ठेवा पण फेकू नका, नावांमधे जुने शब्द जसेच्या तसे टिकतात आणि पुढे त्यांचा उपयोग होतो.

पायरी ३: कोशातल्या खुणा वाचायला शिका

इथे बरेच लोक घाई करतात. जुना शब्द म्हणजे सगळाच एका मापाचा जुना नसतो. मेरियम-वेबस्टरमधे ऑब्सोलीट लिहिलं असेल तर त्यांचा अर्थ अगदी नेमका आहे, की १७५५ नंतर तो शब्द किंवा तो अर्थ वापरल्याचा पुरावा नाही. १७५५ का, तर त्या वर्षी सॅम्युअल जॉन्सनची डिक्शनरी छापली गेली, तीच रेघ धरलीये. आर्केइक म्हणजे एकेकाळी रोजचा होता, आता क्वचित कुठेतरी दिसतो. डायलेक्ट म्हणजे मेलेला नाही, फक्त एखाद्या भागात जिवंत आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मेलेल्या शब्दाच्या आधी खंजिरासारखी छोटी खूण असते, ती दिसली की समजायचं.

हा फरक का महत्त्वाचा ते हॉक वरून कळेल, एच आणि पुढे ओघ. अर्थ जनावराच्या मागच्या पायाचा सांधा, आणि क्रियापद म्हणून त्या सांध्याची शीर तोडून जनावर लंगडं करणं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधे यहोशवाच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात, देव सांगतो की शत्रूच्या घोड्यांना हॉक कर. इंग्लंडमधल्या माणसाला हे स्पेलिंग आता बायबलच्या बाहेर फारसं भेटत नाही, तो एच-ओ-सी-के लिहितो. पण स्कॉटलंडमधे खाटकाकडे जाऊन हॉख मागा, पायाचं मांस मिळेल, आणि 'पॉटेड हॉख' नावाची थंड करून गोठवलेली डिश तिथे आजही विकली जाते. म्हणजे एकच शब्द, लंडनमधे आर्केइक आणि ग्लासगोत दुकानाच्या काचेवर. वहीत 'जुना शब्द' एवढंच लिहून ठेवलंत तर हे सगळं हातचं जाईल.

बोलीतल्या शब्दांसाठी जोसेफ राइटचा इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी नावाचा सहा खंडी कोश आहे, १८९८ ते १९०५ मधे निघालेला, आणि तो नेटवर फुकट वाचता येतो. कुठला शब्द कुठल्या काउंटीत, कुठल्या उच्चाराने, सगळं दिलंय. वेळ खाणारं प्रकरण आहे, सुट्टीच्या दिवशीच उघडा.

पायरी ४: आवाजाने गटवारी, देवनागरीत

इथे खरं काम आहे. वहीचं पान घ्या आणि दहा रकाने पाडा. हो दहा, कारण ओघाचे इतके आवाज होतात.

पहिला ओ. दो, ऑल्दो, डो. फर्लो पण इथेच.

दुसरा ऊ. थ्रू. ब्रूम पण इथे टाका, बी-आर-ओघ-ए-एम, एका घोड्याची बंद चारचाकी गाडी, लॉर्ड ब्रूम नावाच्या ब्रिटिश राजकारण्यावरून नाव पडलेली. काही जण ब्रोअम म्हणतात तेही चालतं.

तिसरा आउ. बाउ म्हणजे झाडाची फांदी, प्लाउ म्हणजे नांगर, ड्राउट म्हणजे दुष्काळ. त्यात अनोळखी: साउ, एस आणि ओघ, वाऱ्याचा झाडीतून येणारा सूं सूं आवाज. आणि डाउटी, डी-ओघ-टी-वाय, म्हणजे शूर, खमका. हा शब्द आता बहुतेक गंमतीत वापरतात, एखाद्या खमक्या आजीबाईंबद्दल बोलताना वगैरे. डाउट म्हणजे संशय याच्याशी काही संबंध नाही, डो म्हणजे कणकेच्या गोळ्याशी पण नाही, त्याचा जर्मन भाऊ ट्युश्टिग आहे, म्हणजे कर्तबगार.

चौथा अफ. रफ, टफ, इनफ हे ओळखीचे. आणि चफ (सी-एच-ओघ), क्लफ, स्लफ. यांच्याबद्दल खाली सविस्तर.

पाचवा ऑफ. कॉफ, ट्रॉफ म्हणजे गुरांची गव्हाण, आणि आपला गॉफ.

सहावा ऑ, आणि याच्या पुढे कायम टी. थॉट, बॉट, सॉट, नॉट. इथला जुना दागिना म्हणजे रॉट, डब्ल्यू-आर-ओघ-टी, वर्क या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप. रॉट आयर्न म्हणजे घडवलेलं लोखंड, त्यातला रॉट तोच. १८४४ मधे मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेचा जो प्रसिद्ध मेसेज पाठवला, देवाने काय घडवलंय बघा असा बायबलमधला, त्यातला शेवटचा शब्द हाच. आणि इथेच मीथॉट. आर्केइक. वरवर बघता 'मी थॉट' असं लहान मुलाचं चुकीचं इंग्रजी वाटतं, पण ते मराठी माणसाला लगेच कळायला हवं, कारण ते तंतोतंत 'मला वाटलं' आहे. जुन्या इंग्रजीत वाटणे आणि विचार करणे अशी दोन वेगळी क्रियापदं होती, त्यातलं वाटणे हे, आणि त्याला कर्ता नाही, 'मला' लागतं. आधुनिक इंग्रजीवाल्याला हे समजावायला अर्धा तास लागतो.

सातवा नुसता अ. थरा, आणि बरा, म्हणजे बी-ओ-आर-ओघ, गढी किंवा गाव. स्कारबरा वगैरे. अमेरिकेत याचा ओ होतो.

आठवा ऑक. हॉक वर आलाच. शॉक, एस-एच-ओघ, म्हणजे केसाळ कुत्रा, याचा उच्चार साधारण असा धरतात.

नववा ऑख. लॉख, एल आणि ओघ, आयर्लंडमधलं तळं किंवा खाडी. स्कॉटलंडवाले हाच शब्द एल-ओ-सी-एच लिहितात. युनायटेड किंग्डममधलं सगळ्यात मोठं तळं लॉख नेय उत्तर आयर्लंडमधे आहे.

दहावा अप. एकटाच, हिकप म्हणजे उचकी.

रकाने भरून झाले की गावांचं पान काढा आणि लफबरा बघा, युनिव्हर्सिटीचं गाव. एल-ओघ-बी-ओ-आर-ओघ. एका नावात दोन ओघ, पहिला अफ आणि दुसरा अ. परदेशी विद्यार्थी याचं 'लूगाबरूगा' करतात अशी तिकडे थट्टा आहे.

उच्चार कुठून घ्यायचे? कोशातला स्पीकर दाबा आणि ऐकून स्वतः देवनागरीत उतरवा. नेटवरच्या 'उच्चार सांगणाऱ्या' यांत्रिक व्हिडिओंच्या नादी लागू नका, दुर्मिळ शब्दावर ते बिनधास्त थापा मारतात.

पायरी ५: मूळ शोधा म्हणजे दहा रकान्यांची भानगड सुटते

प्रश्न असा की एवढे आवाज आले कुठून. उत्तर असं की मुळात आवाज एकच होता, आणि तो आता इंग्रजीत नाही. उर्दूतला ख़त, ख़बर यातला घशातून घासत येणारा ख़, गझल ऐकणाऱ्यांना माहीत असेल, साधारण तो. अँग्लो-सॅक्सन लोक, म्हणजे जुनी इंग्रजी बोलणारे, त्यासाठी एच लिहायचे, थ्रू चं जुनं रूप थुर्ख़ असं काहीतरी ऐकू आलं असतं. पुढे मधल्या काळात योख नावाचं एक वेगळंच अक्षर यासाठी वापरलं गेलं, तीनच्या आकड्यासारखं दिसणारं. नॉर्मन, म्हणजे फ्रेंच, वळणाच्या लेखनिकांनी हळूहळू त्याच्या जागी जी-एच आणलं. १४७६ मधे कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठायला लागली, आणि नेमकं त्याच दोनेकशे वर्षांत हा ख़ बोलण्यातून गळून पडला. लिहिण्यात राहिला, तोंडातून गेला.

गेला म्हणजे काही ठिकाणी पूर्ण गेला आणि मागचा स्वर वेगवेगळ्या वाटेने बदलला (थ्रू, दो, बाउ), आणि काही ठिकाणी त्याचा फ झाला (रफ, कॉफ, इनफ). फ का? ओठ गोल करून ख़ म्हणून बघा आत्ताच, कोणी बघत नसेल तर. ऐकणाऱ्याला तो फ सारखा लागतो. ड्वॉर्फ म्हणजे बुटका या शब्दात पण शेवटी हाच ख़ वाला प्रकार होता, पण तिथे स्पेलिंगही बदलून सरळ एफ लिहिलं गेलं, म्हणून तो आपल्या जाळ्यात येत नाही. वेगवेगळ्या भागात वेगवेगळं झालं आणि लंडनच्या भाषेने इकडून एक तिकडून एक असं उचललं, म्हणून नियम शोधत बसू नका. लॉख आणि हॉख यांनी जुना आवाज जवळजवळ तसाच ठेवलाय कारण ते आयरिश आणि स्कॉटिश तोंडात राहिले.

पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा कुठेही जर्मन शिकलेल्यांना इथे फुकटचा फायदा आहे. दो म्हणजे डॉख, थॉट म्हणजे डाख्टं, ब्रॉट म्हणजे ब्राख्टं, ट्रॉफ म्हणजे ट्रोक. इंग्रजीने सोडलेला ख़ जर्मनीने पुष्कळ ठिकाणी जपलाय. नवीन ओघवाला शब्द भेटला की कोशात त्याचा जर्मन किंवा डच नातेवाईक दिलाय का ते बघा, असेल तर शब्द अस्सल जुना आहे असं समजायला हरकत नाही.

कारण काही शब्द अस्सल नाहीत. हिकप सोळाव्या शतकापासून आवाजावरून तयार झालेला साधा शब्द होता, पी वर संपणारा. मग कोणाला तरी वाटलं की खोकल्याशी याचा संबंध असणार, आणि कॉफचं स्पेलिंग त्याला चिकटवलं. उच्चार मात्र कोणी बदलला नाही. आणि फर्लो. हा डच फरलॉफ वरून आला, सैनिकाची रजा. शेवटी फ होता, तो म्हणलाही जायचा, जी-एच नंतर लागलं आणि मग फ पण बोलण्यातून गेला. मराठी पेपर वाचणाऱ्याला हा शब्द इंग्रजांइतकाच ओळखीचा आहे, कारण आपल्याकडे १९५९ चे मुंबई फर्लो आणि पॅरोल नियम आहेत आणि अमक्या कैद्याला फर्लो मंजूर अशा बातम्या सारख्या येतात. ब्रिटनमधे मात्र २०२० ला कोविडमधे सरकारने घरी बसवलेल्या कामगारांच्या पगाराची स्कीम आणली तेव्हा तो शब्द घरोघरी पोचला. आमच्या पेपरवाल्यांनी स्पेलिंगच्या नादी न लागता सरळ 'फर्लो' लिहिलं, मला ते फार आवडतं.

मूळ बघताना आणखी एक गोष्ट तपासायची, की एकाच स्पेलिंगखाली दोन शब्द तर नाहीत ना. कोशात शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २ असे आकडे असतात ते त्यासाठीच. एस-एल-ओघ घ्या. एक स्लाउ, म्हणजे चिखलाची दलदल. अमेरिकेत स्लू म्हणतात आणि पाणथळ ओढ्याला वापरतात. दुसरा स्लफ, म्हणजे सापाची कात, आणि क्रियापद म्हणून कात टाकणे. या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, योगायोगाने अक्षरं सारखी झाली. दुसरा तर अजिबात जुनाट नाही, सर्जन लोक जखमेवरच्या मेलेल्या थराला रोज स्लफ म्हणतात, आपल्याकडच्या हॉस्पिटलात पण.

तसंच एस-ओघ. वाऱ्याचा साउ वेगळा आणि डर्बीशायरच्या शिशाच्या खाणीतला सफ वेगळा. खाणीत पाणी साचायचं, ते डोंगराच्या पोटातून बाहेर काढायला आडवा बोगदा खणायचे त्याला सफ म्हणायचे. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मधे क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली तिला लागणाऱ्या पाण्यातलं काही क्रॉमफर्ड सफमधून यायचं, जमिनीखालून येणारं असल्यामुळे ते थंडीत गोठायचं नाही. सूतगिरण्यांच्या इतिहासात एवढा मोठा मान असलेला शब्द आणि शंभरातल्या नव्व्याण्णव इंग्रजांना उच्चार विचारा, गडबडतील.

पायरी ६: शब्द वाक्यात पकडा

कोशातला अर्थ म्हणजे ओळखपत्रावरचा फोटो, शब्द चालताना बघायचा तर वाक्य पाहिजे. शेक्सपियर फुकट उपलब्ध आहे आणि सर्च करता येतो, तिथून सुरुवात करा.

शॉक साठी मॅकबेथ, तिसरा अंक, पहिला प्रवेश. मॅकबेथ भाडोत्री मारेकऱ्यांना म्हणतो की तुम्ही माणसंच आहात, हो, जशी शिकारी कुत्री, ग्रेहाउंड, स्पॅनियल, शॉक सगळ्यांना कुत्रंच म्हणतात तशी. अपमान करून काम करून घ्यायची पद्धत बघा. हा प्रवेश नसता तर हा केसाळ कुत्रा आज कोणाला माहीत असता, शंका आहे.

चफ साठी किंग लिअर, चौथा अंक. एडगर आंधळ्या बापाला डोव्हरच्या कड्याचं खोटं वर्णन करतो, की खाली कावळे आणि चफ उडतायत ते भुंग्याएवढे दिसतायत. चफ म्हणजे कावळ्याच्या कुळातला पक्षी, काळा कुळकुळीत आणि चोच-पाय लालभडक. कॉर्नवॉलच्या मानचिन्हावर तो आहे, आणि गंमत म्हणजे १९७३ पासून कॉर्नवॉलमधे एकही उरला नव्हता, २००१ मधे आपणहून परत आले आणि पुढच्या वर्षी पिल्लं काढली. लडाख-स्पितीला गेला असाल तर लाल चोचीचा चफ तुम्ही नक्की बघितलाय, कावळा म्हणून सोडून दिला असेल. त्याचा भाऊ पिवळ्या चोचीचा, तो एव्हरेस्टवर गिर्यारोहकांच्या मागे मागे ८,२०० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. तेव्हा हा शब्द दुर्मिळ म्हणायचा की नाही हे तुम्ही कुठे राहता त्यावर आहे.

थरा साठी मिडसमर नाइट्स ड्रीम, दुसऱ्या अंकाची सुरुवात, परी म्हणते झुडपातून काट्यांतून, आणि तिथे थ्रू नाही थरा वापरलंय. तेव्हाच कळतं की हे दोन शब्द मुळात एकच. आरपार जाणारा तो थ्रू, आणि काम आरपार करणारा तो थरा.

क्लफ साठी साहित्य नको, नकाशा उघडा. उत्तर इंग्लंडमधे डोंगराच्या अरुंद घळीला क्लफ म्हणतात, आपल्या सह्याद्रीतल्या घळीच चालतील अर्थ लावायला. १९३२ मधे मँचेस्टर भागातल्या कामगारांनी जमीनदारांची बंदी झुगारून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर सामूहिक चढाई केली, ती याच प्रकारच्या विल्यम क्लफ नावाच्या घळीतून.

स्कॉटिश कवी बर्न्सच्या कवितेतला हॉखमगँडी पण ओघातलाच आहे, एच-ओघ ने सुरू होणारा, त्याचा अर्थ स्वतः शोधा, फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी शोधा एवढंच सांगतो.

आता यातला सगळ्यात मोठा सापळा. साधारण १८०० पर्यंतच्या छापील इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे एस लांबट छापायचे, तो दिसायला एफ सारखा. गूगल बुक्सचं स्कॅनिंग त्याला बिनदिक्कत एफ वाचतं. आता सॉट म्हणजे शोधलं आणि फॉट म्हणजे लढला, दोन्ही ओघवाले, दोन्ही खरे शब्द. स्कॅनमधे राजा शांतता शोधत होता याचं राजा शांततेशी लढला होतं. आणि फ्लफ किंवा फफ असले काहीतरी शब्द सापडले म्हणून आनंदाने उडी मारू नका, ते स्लफ आणि सफ आहेत. नेहमी पानाचा मूळ फोटो उघडून बघा. गूगलचा एनग्राम आलेख, म्हणजे कुठला शब्द कुठल्या वर्षी किती छापला गेला ते दाखवणारा, १८०० च्या मागे याच कारणामुळे अर्धा चुकीचा असतो.

कोशही चुकतात बरं का. वेबस्टरच्या त्याच १९३४ च्या आवृत्तीत डॉर्ड नावाचा शब्द छापला गेला, अर्थ घनता. मुळात ती चिठ्ठी होती की कॅपिटल डी किंवा स्मॉल डी हे डेन्सिटीचं लघुरूप आहे, ते कोणीतरी सलग वाचलं. १९३९ मधे एका संपादकाच्या लक्षात आलं. असल्या शब्दांना घोस्ट वर्ड म्हणतात, हे नाव वॉल्टर स्कीट या भाषापंडिताने १८८६ मधे दिलं. म्हणून एकाच कोशात असलेला आणि कुठेच वाक्यात न सापडलेला शब्द वहीत घ्यायचा नाही, किंवा घेतला तर बाजूला प्रश्नचिन्ह.

पायरी ७: नोंद कशी करायची

एक नमुना देतो, तुम्ही तुमच्या सोयीने बदला.

स्पेलिंग: सी-एल-ओघ. आवाज: क्लफ, रकाना चौथा. अर्थ: डोंगरातली अरुंद घळ. कुठे जिवंत: उत्तर इंग्लंड, नकाशावर आणि आडनावात. मूळ: जुनी इंग्रजी. कुठे भेटला: विल्यम क्लफ, १९३२. शेजारी: ब्रायन क्लफ.

बस. 'कुठे भेटला' हा रकाना सोडू नका, लक्षात राहतं ते त्याच्यामुळेच. आणि जमलं तर मराठी शब्द टाका पण ओढूनताणून नाही. त्यासाठी एक युक्ती: मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशाची ऑनलाइन आवृत्ती आहे, तिच्यात इंग्रजी अर्थांमधेही शोधता येतं. म्हणजे उलटं जायचं, जुना इंग्रजी शब्द टाकायचा आणि मोल्सवर्थने तो कुठल्या मराठी शब्दासाठी वापरलाय ते बघायचं. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी असल्यामुळे आज आर्केइक वाटणारे शब्द तिथे सहज पडलेले असतात, आणि जाता जाता आपल्याच भाषेतले विसरलेले चार शब्द हाताला लागतात.

पायरी ८: वापर

स्क्रॅबलमधे हॉक, लॉख, साउ, चफ, क्लफ हे पाचही कॉलिन्सच्या यादीत, म्हणजे स्क्रॅबलच्या शब्दयादीत, चालतात. चफचे बोनस धरल्याशिवाय १५ पॉइंट होतात. पण इंग्रजी सेटमधे एच च्या सोंगट्या दोनच असतात आणि चफला दोन्ही लागतात, त्यामुळे समोरच्याने एक आधी टाकली असेल आणि तुमच्याकडे कोरी सोंगटी नसेल तर बोर्डावरचीच घेऊन जमवावं लागेल. हॉक, लॉख, साउ एकाच एच मधे होतात, ते जास्त उपयोगी. आणि एस चिकटतो सगळ्यांना.

लिहिण्यात मात्र आवरा. ऑफिसच्या मेलमधे मीथॉट लिहिलं तर लोक टायपो समजतील. साउ कवितेत चालेल, डाउटी कौतुकाच्या भाषणात चालेल, रॉट जिथे आयर्न आहे तिथे चालेल.

ओघ संपला की पुढची माळ म्हणून ए-यू-जी-एच घ्या, ती याच ख़ ची सख्खी बहीण आहे: लाफ, ड्राफ्ट, डॉटर ओळखीचे, आणि अनोळखीत फॉ म्हणजे शी, हॉ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन, आणि उस्कबॉ, ज्याला आता व्हिस्की म्हणतात. त्याच्यानंतर के-एन ने सुरू होणारे. पी-एच-टी-एच ने सुरू होणाऱ्या शब्दांची माळ अवघड आहे, मोजकेच शब्द आहेत आणि त्यातला मुख्य थायसिस म्हणजे क्षयरोग, ती शेवटी ठेवा.